दुसरं पॅकिंग काढा हो माझं!

मी एक जुनं पेट्रोलचं इंजिन आहे. मित्रांनो, हसू नका. आज माझ्यावर कोंबड्या बसतात, हे खरं. पण एके काळी उमरग्याच्या गुरुलिंगअप्पांची लॉरी गुळाच्या ढेपा भरून सोलापूरला जायची ती माझ्या जिवावर!

ओतीव लोखंडाचा माझा देह परदेशात घडला. लष्करात राबलो आणि लिलावातून अप्पांकडे आलो. सपाटीवर माझ्यासारखा कुणी नव्हता. पण नळदुर्गचा चढ आला की अर्ध्यातच मला धाप लागायची. शेजारून बैलगाडीवाले ओरडायचे, "काय अप्पा, बैल जोडू का म्होरं?"

एकदा अप्पा गफार मिस्त्रीच्या अंगणात लॉरी लावून म्हणाले, "गफार, येत्या गुरुवारी भरल्या गाडीनं चढ चढला तर ठीक. न्हाय तर हे धूड उतरवून भंगारात."

भंगारात! मी काय फुटकी घागर आहे?

गफारचा हात सोन्याचा, पण खोड एकच. एक दुखणं बरं करताना दुसऱ्याकडं बघायचंच नाही. त्यानं माझं हेड, म्हणजे डोकंच की, सोलापूरला नेऊन घासून आणलं. तुमचं डोकं कुणी घासलं तर? त्यामुळं पिस्टनच्या वरची जागा कमी झाली आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जाऊ लागलं. जोर वाढला, कबूल. पण नाक्यावरच्या पंपावरचं साधं पेट्रोल एवढा दाब कुठलं सोसायला? ते वेळेआधीच भडकायचं. ठण, ठण, ठण! माझ्या छातीत कुणी हातोडे मारतंय असं वाटायचं.

मग या गड्यानं काय करावं? डोक्याखाली पॅकिंगचा एक पातळ पत्रा असतो, त्याऐवजी दोन घातले; डोकं उचललं गेलं आणि वरची जागा पुन्हा वाढली. ठणठण गेली आणि जोरही गेला. म्हणजे घासलं कशाला होतं? मला विचारलं होतं कुणी?

पुढं मला जास्त श्वास मिळावा म्हणून त्यानं हैदराबादहून जुना कॅमशाफ्ट आणला. हा उंचवट्यांचा दांडा फिरला की माझे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. या दांड्यानं ते जास्त वेळ उघडे राहायचे आणि उशिरा मिटायचे. आता तर साध्या सपाटीवरही मी कण्हू लागलो. आणि बुधवार उजाडला!

गफार डोक्याला हात लावून बसला. त्याची थोरली बहीण लालबी अंगणातल्या लिंबाखाली गादी भरत होती. घरचा धंदा पिंजाऱ्याचा; कापूस पिंजण्यात तिचं आयुष्य गेलं.

"काय रे, मय्यत झाली काय कुणाची?"

"आपा, तुला काय कळतंय यातलं?"

"यातलं न्हाय कळत. मला गादी कळती. दम कुठं जातोय ते तर सांग."

गफार वैतागून म्हणाला, "पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो. आत घेतलेलं थोडं परत बाहेर जातंय."

लालबी खो खो हसली. "तोंड शिवायच्या आधीच दाबतोस व्हय? मग कापूस भाईरच येणार की! उशिरा शिवायचं तर उरलेला कापूस गच्च बसवावा लागतो. त्याला खोळ ल्हान लागती. तू ल्हान केलीस का?"

गफारनं वळून माझ्या डोक्याकडं पाहिलं. खोळ लहान केली होती त्यानं, हेड घासून. आणि दुसरं पॅकिंग घालून पुन्हा मोठीही केली होती त्यानंच!

"आता काय झालं?"

"काय न्हाय," असं म्हणून त्यानं पाना उचलला आणि ते दुसरं पॅकिंग काढलं. एकदाचं!

गुरुवारी चाकावर गफार, शेजारी अप्पा, मागं गूळ आणि समोर चढ. मी ठणठणीची वाट बघत होतो. आलीच नाही. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हातून थोडं मिश्रण निसटायचं, म्हणून घासलेल्या डोक्याचा दाब पंपाच्या पेट्रोलला सोसवू लागला, आणि वेग धरला की छाती भरून श्वास मिळायला लागला. दोघांची जोडी जमली होती, मित्रांनो! बैलगाड्या मागं पडल्या. माथ्यावर अप्पा म्हणाले, "गफार, डोकं चालवलंस बघ."

"म्या म्हटलंच होतं, अप्पा."

म्हटलंच होतं म्हणे! लालबीचं नाव तोंडातून निघालं नाही. मी रागानं एक धुराचा लोट सोडला, दुसरं करणार काय?

पुढं कैक वर्षं मी तो चढ चढलो. मग अप्पांनी डिझेलची लॉरी घेतली आणि मी गफारच्या अंगणात येऊन पडलो. तेल नाही की पुसणं नाही. वर या कोंबड्या.

परवा माकणीचे कोंडीराम मला विहिरीवर न्यायला आले. त्यांचा मिस्त्री म्हणाला, "तेवढा दांडा साधा घालू. बाकी कशाला हात नको."

तेवढा दांडा! म्हणजे पुन्हा ठण, ठण, ठण! मी ओरडत होतो, पण थंड इंजिनाचं कोण ऐकतं?

तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. दातात सुई धरून लालबी म्हणाली, "साधा दांडा घालणार असाल तर डोक्याखाली पॅकिंग दोन घाला हो. तोंड लौकर शिवलं तर खोळ मोठी लागती."

मिस्त्री हसला. गफार मात्र हसला नाही. "आपा म्हणती तसंच करा," तो म्हणाला. "नळदुर्गचा चढ तिनंच चढवलाय."

किती वर्षं लावलीस रे बाबा!

मित्रांनो, आम्हाला तेलपाणी द्याच. पण आमच्या एका भागाला हात लावाल, तेव्हा दुसऱ्याचं काय होईल ते आधी बघा. आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव त्याच दिवशी घ्या. माझ्यासारख्याला वाट बघत गंजायला लावू नका.