ब्रेकवरचा पाय आणि चार तारा

अहो, इकडे! भिंतीवरून मीच बोलतेय. मी एक बेस गिटार. नाव ऐकल्याबरोबर "म्हणजे दोन तारा कमी असलेली गिटार ना?" असं विचारू नका, माझं टाळकं सरकतं. तारा चारच आहेत, पण एकेक अशी जाड की साध्या गिटारच्या सहांना पुरून उरेल. मान लांब, अंग जड, आवाज खर्जातला. गाणं चालू असताना माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी थांबले की मात्र "काहीतरी बिनसलंय" म्हणत सगळे एकमेकांची तोंडं बघतात. अशी माझी तऱ्हा!

आज रविवार. अकराला एक फोन यायचाय. तोवर वेळ आहे, तर माझी कहाणी सांगून घेते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही चाळीसजणी एकाच रंगात न्हाऊन निघालो. माझा रंग वाळायच्या आत कुणाचा तरी अंगठा पाठीला लागला आणि तो ठसा जन्माचा राहिला. तपासणीच्या बाईंनी तो पाहिला, नाक मुरडलं आणि मला स्वस्तातल्या मालात ढकललं. तेव्हा मी खूप हिरमुसले होते. आता म्हणते, त्या बाईंचं भलं होवो. त्यांनी नाक मुरडलं नसतं, तर मी मास्तरांच्या आवाक्यात आलेच नसते.

वाद्यांच्या दुकानात माझी जागा मागच्या भिंतीवर होती. एका बाजूला पाच तारांची चकचकीत बया, दुसऱ्या बाजूला आखूड मानेची चिमुरडी. दुकानदार मोठा मिश्कील माणूस. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं, की तो काही बोलायचा नाही, नुसता चष्मा काढून पुसत बसायचा. शनिवारी तर त्याच्या चष्म्याची काच झिजायची बाकी असे.

अशाच एका शनिवारी मास्तर आले. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. शर्टाच्या खिशात दोन पेनं, आवाज दिवसभर ओरडून बसलेला.

"पहिलीच बेस घ्यायचीय," ते म्हणाले. "जरा परवडेल अशी दाखवा. गिटार पंचवीस वर्षं वाजवतोय, त्यामुळे नवीन शिकायचं असं काही नाही."

दुकानदाराने चष्मा पुसायला घेतला.

मास्तरांनी आधी चकचकीत बयेला हात घातला, तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि गरम तवा सोडावा तसा हात मागे घेतला. मग चिमुरडी. तिची मान आखूड, त्यामुळे बोटं झरझर पळाली आणि स्वारी खूश झाली. पण दोन मिनिटांत तिच्या खुंट्या सैल पडल्या, सूर घसरला. शेवटी माझी पाळी आली. काय सांगू, मास्तरांनी माझ्यावर जी बोटं सोडली! वरून खाली, खालून वर, श्वास घ्यायला म्हणून जागा नाही. मला तर घेरीच आली.

"छान," दुकानदार म्हणाला. "ही गिटार वाजवून झाली. आता बेस वाजवा. सगळ्यांत जाड तार एकदाच छेडा आणि गप्प बसा."

"किती वेळ?"

"तिचा आवाज विरेपर्यंत."

मास्तरांनी तार छेडली. मी मनापासून घुमले, कारण मलाही बऱ्याच दिवसांत कुणी असं बोलू दिलं नव्हतं. मास्तर कसेबसे तीन अंक मोजेपर्यंत टिकले असतील. तेवढ्यात बोटं वळवळायला लागली आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटला.

"पायाला काय झालं हो?"

"सवय आहे. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. दिवसभर तोच दाबतो."

"मग वाजवतानाही वापरा की तो!" दुकानदार हसत म्हणाला. मग त्याने माझी मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना बघितलं, मानेवरच्या पट्ट्यांमधल्या प्रत्येक घरात बोट ठेवून तार कुठे खरखरत नाही ना ऐकलं, आणि पट्टा लावून मास्तरांना उभं केलं. हात सोडले तरी माझी मान खाली गेली नाही. मास्तरांना पाठीवरचा ठसा दिसलाच.

"हा डाग कसला?"

"त्याच्यामुळेच तर स्वस्तात मिळतेय. डाग काही वाजत नाही. पण मला सांगा, पंचवीस वर्षं गिटार वाजवून आता बेस कशाला?"

मास्तर जरा वेळ माझ्या खुंट्याच फिरवत बसले. मग म्हणाले, "लेक ड्रम वाजवते. दोन महिन्यांनी शिकायला बाहेरगावी चाललीय. माझ्याबरोबर वाजवायचं सोडलंय तिने. म्हणते, बाबा, तू ऐकतच नाहीस, आपलंच घोडं पुढे दामटतोस. ती जायच्या आत एक गाणं तरी तिच्याबरोबर शेवटपर्यंत वाजवायचंय हो."

या वेळी दुकानदाराने चष्मा पुसला नाही. "घेऊन जा," तो म्हणाला. "महिन्याभरात नाही जमलं, तर परत आणा."

घरी पोचले तर दारातच मास्तरीणबाईंनी स्वागत केलं. "घरात आधीच तीन गिटारी, आणि वाजवणारे हात दोनच. अहो, ही चौथी कुठे ठेवू, डोक्यावर?" लेक मात्र हसली. "बाबा, बेस? आणि तू? बरं, एकदाच हं."

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत बैठक जमली. मास्तरांनी मला गिटारच्या चिमुकल्या ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला जोडलं. अहो, तो माझ्या खर्जाला पुरणार आहे का? पण सांगणार कोण! लेकीने काठ्या आपटून चार मोजले, आणि मास्तर सुसाट सुटले. तिने दोन ठोक्यांत जरा जागा सोडली की हे तिथे चार सूर कोंबणार. कमी ऐकू येतंय म्हणून आवाज पूर्ण वर. शेवटी फर्रर्र झालं आणि ॲम्पमधल्या स्पीकरचा कागद फाटला. हात दाखवून अवलक्षण!

लेकीने काठ्या खाली ठेवल्या. "काही बदललं नाही, बाबा. गिटार जाड झाली, एवढंच." आणि ती उठून गेली.

मास्तरांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि चपलांच्या फळीजवळ उभं केलं. तिथे मी तीन आठवडे काढले. कुणी चप्पल घालताना माझ्या मानेला धरून तोल सावरायचं, कुणी माझ्यावर ओला रुमाल वाळत टाकायचं. मला रडू यायचं ते त्यामुळे नाही. मला पुन्हा दुकानातल्या त्या भिंतीवर जायचं नव्हतं.

महिना संपत आला, तशा एका रविवारी मास्तरांनी मला बाहेर काढलं. परत द्यायची तर पुसून द्यावी, म्हणून फडकं घेऊन मागच्या खोलीत बसले. समोर लेकीचा सराव चालला होता. तिने मान वर करून बघितलंही नाही.

तिचा पाय मोठ्या ड्रमवर पडत होता. धप्प. जरा थांबून, धप्प. दर ठोक्याला माझं लाकूड शहारत होतं आणि मी मास्तरांच्या पोटाला टेकलेली होते. फडकं थांबलं. मास्तरांचा उजवा पाय हळूच जमिनीवर पडू लागला, तिच्या पायाबरोबर. मग त्यांनी अंगठ्याने माझी जाड तार छेडली, एकदाच. ॲम्प तर फाटलेला, आवाज येणार कुठून? त्यांनी हनुवटी माझ्या खांद्याला टेकवली, हाडातून ऐकलं, आणि चक्क थांबले. पुढचा धप्प आला, तेव्हा दुसरा सूर.

मध्ये एक मोकळी जागा आली. चांगली ऐसपैस! बोट उचललं गेलं ते मला कळलं. गेलं, म्हटलं, आता घोडं सुटलं. पण त्यांचा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला. ब्रेक! बोट मुकाट्याने खाली आलं. ती जागा रिकामीच राहिली, आणि काय सुरेख वाटली म्हणून सांगू! गाणं शेवटपर्यंत गेलं.

लेकीने काठ्या मांडीवर ठेवल्या. "बाबा, काय वाजवत होतास? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"सॉरी," मास्तर म्हणाले.

"सॉरी काय! तुझ्यासमोर पहिल्यांदाच माझं मला ऐकू आलं. चल, पुन्हा वाजवू."

मास्तरांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी माझा ठसा जोरजोरात पुसायला घेतला. दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, दुकान बंद होईल. परत द्यायची होती ना?"

"आज राहू दे."

"मग ती रिकामी पिशवी उचला चपलांजवळून. तीन आठवडे अडखळतेय मी."

पुढे मास्तरांनी बेसचा एक जुना ॲम्प मिळवला. जायच्या दिवसापर्यंत दोघांनी रोज वाजवलं. मग लेक गेली. तिच्या ड्रमवर आता जुनी चादर आहे आणि मी शेजारच्या भिंतीवर.

गेल्यावर पहिल्याच रविवारी तिचा फोन आला. मास्तरांनी तो स्टुलावर ठेवला आणि मला वाजवायला घेतलं. पण फोनमधून माझा खर्ज जातच नाही मेला!

"बाबा, बेस अजिबात ऐकू येत नाहीये," लेक म्हणाली. "नुसता तुझा पाय ऐकू येतोय."

"मग थांबू का?"

"नको, नको. पाय चालू ठेव." आणि पलीकडून टेबलावर पेन आपटल्याचा आवाज आला. टक. जरा थांबून, टक. दोघांनी अख्खं गाणं वाजवलं. तिला मी कुठेच ऐकू येत नव्हते. मास्तर मात्र तिचा एकेक ठोका ऐकत होते. मला आणखी काय हवं होतं?

तेव्हा गिटारवाल्यांनो, तुमच्यापैकी कुणी पहिली बेस निवडायला निघाला असेल, तर माझं एवढं ऐका. डागांकडे बघू नका. बोटं किती पळतात तेही नको. एक सूर छेडा आणि थांबून बघा. थांबता येत असेल, तरच तिला घरी न्या. नाहीतर बिचारी चपलांजवळ उभी राहील.

घ्या, फोन वाजला! मास्तर धावत आलेत, हात पुसायचेही राहिलेत. माझी मान ओली झाली, पण असू दे. आता मी बोलत नाही. पाय खाली आलाय, आणि तिकडून पहिली टक यायचीय.