छत्रीवाल्याची धून

"बंद कर रे ते! घोडं उधळल्यागत काय वाजायलंय," विमलाक्कांनी पेटीवरचे हात उचलले आणि कपाळाला लावले.

राघवेंद्रांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मोबाईल बंद केला. विमलाक्का माझ्या थोरल्या नणंद. पंचमीला माहेरी म्हणून गदगहून आमच्याकडे धारवाडला आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून भावाने त्यांना पेटीपुढे बसवलं होतं. मोबाईलवर चालू होती ती एका जुन्या टीव्ही गेमची धून. नव्वदीच्या सुरुवातीला घरोघरी टीव्हीला जोडायचे ना, तो खेळ. पिवळी कॅसेट खुपसायची. तिच्यावर लाखभर खेळ असल्याचं छापलेलं, आत खरे पाचच. त्यांतला एक छत्रीवाल्याचा. छत्री घेतलेला एक माणूस नदीकाठाने चालत जातो आणि मागे ही धून वाजत राहते.

"अप्पांनी असलं वाजवणं शक्यच नाही," अक्का म्हणाल्या. "द्रुत लयीला त्यांनी जन्मात हात लावला नाही. शिष्यांना म्हणायचे, पळायचं असलं तर केलगेरी तळ्याला जाऊन पळा, पेटीवर नको. तुला भास झाला असणार बघ. सुम्ने, उगीच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

"भास नव्हे अक्का. आणि एवढी जलद नव्हतीच ती."

"मग ही कुठली? हीच म्हणालास की."

"हीच. पण अशी नव्हे."

यावर अक्का माझ्याकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मला ती गोष्ट ठाऊक होती.

अप्पा म्हणजे माझे सासरे विठ्ठलराव; ते पेटीच्या शिकवण्या करायचे. मी मिरजेहून लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी ते गेले. साऱ्या धारवाडच्या पोरांना त्यांनी पेटी शिकवली, पण पोटचा मुलगा काही बसेना. अक्का बसल्या, तयार झाल्या, लग्न होऊन गदगला गेल्या. राघवेंद्रांनी मात्र एके दिवशी साफ सांगितलं, मला नाही शिकायचं. त्यानंतर बापलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'होय' यावर आलं. सासूबाई शाळेत शिकवायला जायच्या. दुपारी घरात दोघंच. एक पेटीपुढे, एक टीव्हीपुढे, मध्ये दार.

एका दुपारी शिष्य आला नाही. राघवेंद्र छत्रीवाला खेळत होते. आतून पेटीचा सूर आला, आणि तो त्या धुनीत मिसळला. अप्पा साथ करत होते! छत्रीवाला पुढे गेला तर नदी संपते आणि धून बदलते, म्हणून या पोराने त्याला काठावर तसाच उभा ठेवला. धून फिरून फिरून येत राहिली, अप्पा वाजवत राहिले. मग तो रोजचाच नेम झाला. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. पुढे अप्पा अचानक गेले, आणि त्या खेळाकडे बघवेना म्हणून राघवेंद्रांनी तो कुणाला तरी देऊन टाकला.

आमच्या लग्नानंतर हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आता धून मोबाईलवर सापडली ती अशी, शेपटीला फटाके लावल्यासारखी. आमच्या स्मृतीने, मुलीने, ती मोबाईलवरच संथ करून दिली. लय उतरली पण सूर रडके झाले. लय खोटी म्हटली की साथही खोटी ठरते, आणि साक्षीला दुसरं कोणीच नव्हतं.

पंचमी झाली, अक्का गदगला गेल्या, आणि आमच्या घरात नवीनच अध्ययन सुरू झालं. राघवेंद्र तारिहाळला पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. नटबोल्ट मोजणारा माणूस पन्नाशीला टेकल्यावर प्रोग्रॅमिंग शिकू लागला. त्या जुन्या मशीनसाठी आपला आपण प्रोग्रॅम कसा लिहायचा, याची माहिती इंटरनेटवर आहे म्हणे. आहे, पण कशी? एक पान उघडावं तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवणार, आणि दुसरं केव्हाच बंद पडलेलं. एक चांगलं सापडलं ते सगळं जपानीत. कुणी मशीनच्या पोटातली चिप समजावलेली, कुणी नुसता आवाज. कागदांच्या गठ्ठ्याला घरात जागा उरेना, तेव्हा मी म्हटलं, "अहो, एवढा अभ्यास दहावीला केला असतात तर आज कलेक्टर असता."

"दहावीला कुठं एवढी गरज होती," ते म्हणाले.

परदेशातल्या हौशी लोकांचा इंटरनेटवरचा एक कट्टा त्यांना सापडला. तिथे त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. एका म्हाताऱ्याने उत्तरं द्यायला घेतली. त्याने आकड्यांचं कोष्टक पाठवलं: कुठल्या सुराला कुठला आकडा, आणि सूर किती लांबवायचा. ही लांबी घड्याळावर नसते; टीव्हीचा पडदा जितक्या वेळा रंगतो त्यावर मोजतात. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या राजू भंगारवाल्याकडून त्या जुन्या मशीनचा एक डबा मिळाला. आपला प्रोग्रॅम भरता येईल अशी कोरी कॅसेट पोस्टाने आली. माळ्यावरचा पेटाऱ्याएवढा टीव्ही स्मृतीने आणि मी उतरवला.

आकडे मात्र त्यांनी त्या मोबाईलवरच्या जलद धुनीचेच भरले. मी विचारलं तर म्हणाले, "अक्का म्हणते तेच खरं असंल. निदान धून तरी त्या डब्यातनं ऐकू." मला त्या क्षणी नणंदेचा भयंकर राग आला. माणसाजवळ बापाची म्हणून एकच आठवण, तीही तुम्ही तपासून घेणार?

दिवाळीला अक्का आल्या. दुपारी आम्ही दोघी चिवडा कालवत होतो. बाहेरच्या खोलीत राघवेंद्रांनी बटण दाबलं.

सूर तेच होते, पण घाई कुठेच नव्हती. एकेक सूर नीट टेकत होता, मग दुसरा येत होता. अक्का तशाच, पोहे लागलेल्या हातांनी, उठून दारात गेल्या.

"काय केलास हे?"

"काही नाही अक्का. आकडे तेच आहेत. देवाशपथ."

नंतर त्या परदेशी म्हाताऱ्याने उलगडा केला. त्याच्याकडचे टीव्ही पडदा भरभर रंगवायचे, आपल्याकडचे जुने टीव्ही थोडे सावकाश. म्हणून त्याच्याकडे, आणि मोबाईलवरही, जी धून पळती ऐकू आली, ती हुबळी-धारवाडच्या घरांत चालत आली होती. पण अक्कांना त्या वेळी कसल्याच उलगड्याची गरज नव्हती.

"हौदु, होय," त्या म्हणाल्या. "अप्पांचीच लय ही. ह्या लयीला ते बसणारच की!" आणि त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला हळद होती.

इतका आनंदलेला नवरा मी लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःच पेटी ओढून आणली. अक्का हात धुऊन आल्या, पदर खोचून बसल्या, भाता सोडला.

"हं. म्हण."

"काय म्हणू?"

"अप्पा वाजवायचे ते. मी तेव्हा गदगला होते की रे. तुझ्याशिवाय कुणी ऐकलंय? नुसतं गुणगुण, मी उचलते."

राघवेंद्रांनी तोंड उघडलं. एक सूर आला, तो भलताच. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. जन्मात ज्याने 'सा' लावला नाही, त्याने आता कुठून लावावा?

"सगळं आठवतंय अक्का," ते म्हणाले. "आता ऐकू यायलंय बघ, इतकं आठवतंय. तोंडात येईना."

"येईल. घाई नाही."

धून संपून पुन्हा सुरू झाली. अक्का भात्यावर हात ठेवून भावाच्या तोंडाकडे बघत बसल्या. टीव्ही बंद करायला कोणी उठलं नाही.