पाठीतली गाठ

मळणीयंत्र बंद केलं तरी घुर्रघुर्र चालूच राहिलं, तेव्हा गडी एकमेकांकडं बघून हसायला लागले. सोयाबीनच्या ढिगाला टेकून सटवाजी उताणा झोपला होता. तोंड उघडं, मिशांवर भुसकट. मधेच आवाज थांबला. छाती हलेना. सालगडी केरबा हातातली भाकर ठेवून उठला, तेवढ्यात सटवाजी मोठा गचका देऊन जागा झाला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई भाऊ. एक मशीन बंद करायचं राहिलं होतं."

पुन्हा हशा झाला. सटवाजीचा पोरगा बालाजी मात्र हसला नाही.

"आबा, आजपून तुमी आखाड्यावर झोपा. लेकरू दचकून उठून राहिलंय. पुनम रोज त्याला मांडीवर घिऊन बसती."

"घर कुणाचं हाय रं?"

"तुमचंच हाय की. झोप आमची हाय."

शेतातला आखाडा, म्हणजे राखणीचं खोपट, वाईट नव्हता. पण ओसरीच्या ज्या कोपऱ्यात तो आणि बायको केवळाबाई झोपायचे, तो सोडून त्याला कुठंच जायचं नव्हतं. उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून त्या कोपऱ्यात त्याला सुखाची झोप नव्हती. डोळा लागला की घोरणं, गुदमरणं, दचकून उठणं, मग अंगणात फेऱ्या. दिवसा बसल्या जागी डुलक्या.

लोहा गावच्या डॉक्टरनं सांगून झालं होतं. संध्याकाळची दारू बंद करा, पोट उतरवा, नाक चोंदलं तर वाफ घ्या, उताणं झोपू नका. श्वास अडकतोय तर नांदेडला जाऊन तपासून या. बाई गेल्यावर लागलेली दारू सटवाजीनं त्याच दिवशी सोडली. नांदेडला मळणी झाल्यावर जायचं ठरलं. पण झोपलेल्या माणसानं कुशीवर राहायचं कसं?

"ती होती तवा मी एवढा घोरतच नव्हतो," तो केरबाला म्हणाला.

"झोपंचं मला बी सांगू नका भाऊ. वयनीची वाकळ लई उबदार, पर मधी ही एवढी गाठ! उताणं पडलं की पाठीत रुतायची. उसवून काढली तवा कुठं झोपलो."

केवळाबाईनं शिवलेली ती गोधडी, दोघांचं अंथरूण, तेराव्याला तिच्या नावानं केरबाला दिली होती.

सटवाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या गाठीवरून तो किती भांडला होता. "आंधळी हायस का? चिंध्यांचा गोळा तसाच शिवून टाकलास." ती म्हणायची, "टोचतंय तर कुशीवर व्हा की." आणि गाठ तशीच ठेवायची. वाकळ नवी शिवली तरी गाठ त्याच जागी यायची. बाईला शिवता येत नाही, असं तो पाव्हण्यारावळ्यांतही बोलला होता.

"केरबा, वाकळ माघारी दे."

"येडं झालाव का? मेल्या माणसाच्या नावानं दिल्यालं माघारी घेत्यात व्हय? वयनीला काय वाटंल?"

सटवाजीनं तांब्या खाली ठेवला.

"आन् गाठ? गाठ कुठं टाकलीस?"

"ती हाय की, वळचणीला खोचल्याली." केरबानं जरा विचार केला. "गाठ काय कुणी दान दिली न्हाई. ती न्या."

संध्याकाळी त्यानं ती केरबाच्या वळचणीतून काढून आणली. हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांचा, मुठीएवढा, घट्ट गोळा होता. रात्री जेवण झाल्यावर सटवाजी ओसरीवर बंडी घेऊन बसला.

"मामा, द्या इकडं, मी शिवते," सून पुनम म्हणाली.

"नगं. दोरा तेवढा ओवून दे."

बंडीच्या पाठीवर, बरोबर मधोमध, त्यानं वेडेवाकडे टाके घातले. ती अंगात घातली आणि त्याच कोपऱ्यात आडवा झाला.

बालाजी आखाड्यावर न्यायची वळकटी खांद्यावर घेऊन दारात उभा होता. आत पुनम लेकराला थोपटत होती. घुर्र सुरू झालं. तिचा हात थांबला.

सटवाजी उताणा व्हायला गेला होता. पाठीत रुतलं.

"झालो गं, झालो. किती ढोसतीस?" झोपेतच पुटपुटत तो कुशीवर वळला. तोंड केवळाबाईच्या बाजूला.

बालाजीनं कान दिला. घुर्र थांबलं होतं, श्वास सरळ चालला होता. मग त्यानं वळकटी खाली ठेवली.