टाकीवरचा लाल रंग

अबू रमझीच्या सल्ल्यांत खोट काढता येणार नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की माणूस मूर्ख होता. मूर्ख तो मुळीच नव्हता.

शुक्रवारी सकाळी अम्मानमधल्या सातव्या सर्कलजवळच्या पेट्रोल पंपावर आमचा मोटारसायकलवाल्यांचा क्लब जमायचा. गाड्या सुरू करण्याआधी आमचा म्होरक्या अबू रमझी पंपाच्या ओट्यावर उभा राहून बोलायचा. "वळणावर डोळे जिथे, चाक तिथे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. पुढच्याची बरोबरी करायला जाऊ नका, प्रत्येकाने आपापल्या वेगाने या. आणि रस्त्यात कुणी थांबला तर शेपूट त्याच्यापाशी थांबेल. आपण माणूस मागे टाकत नाही." मग सगळे एका सुरात "टाकत नाही!" म्हणायचे आणि इंजिनं गुरगुरायची. मलाही तेव्हा छातीत काहीतरी भरून आल्यासारखं व्हायचं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

माझं जबल हुसैनमध्ये औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे औषधवालीलाही डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे क्लबात मी 'डॉक्टर' झाले. नाव मैसून. चाळिशीत गाडी शिकले, क्लबात बाई मी एकटीच. सुरुवातीला कुणी माझ्या शेजारी गाडी लावायचं नाही. लावली ती मुंधिरने.

मुंधिर लिफ्ट दुरुस्त करायचा. "आठवडाभर लोकांना वर-खाली नेतो, म्हणून शुक्रवारी स्वतः डोंगर उतरतो," असं म्हणायचा. क्लबाची शेपूट तोच होता. म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं, कुणाचं काही बिघडलं तर थांबायचं, आणि त्याला घेऊनच पुढे यायचं. ही जागा कुणालाच नको असते. पुढच्यांची धूळ खायची, नाश्त्याला सगळ्यांत शेवटी पोचायचं, तोवर वालाच्या दाण्यांचं फूल आणि हरभऱ्याचं हुम्मुस गार. मुंधिर गार हुम्मुस रोटीने पुसून खायचा आणि म्हणायचा, "मला असंच आवडतं."

त्या शुक्रवारी आम्ही दक्षिणेला करक शहराकडे निघालो होतो. धीबान मागे पडलं आणि वादी मूजिबचा उतार लागला. ती दरी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही पाहिली त्याने एवढंच समजावं की रस्ता कड्याला गुंडाळलेल्या दोरीसारखा खाली जातो. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर माझ्या गाडीची चेन तुटली. गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढचे सगळे केव्हाच वळणाआड गेले होते. मागून मुंधिर आला, हेल्मेटची काच वर करून त्याने चेनकडे पाहिलं.

"डॉक्टर, पेशंट दगावला."

"तुझ्याकडे काही उपाय?"

"आधी रस्त्यावर पाटी लावू या. बाकीचं मग."

त्याने आपली गाडी माझ्या मागे लावली, दिवे लुकलुकते ठेवले, मला कठड्यापलीकडे दगडांवर जाऊन बसायला सांगितलं, आणि लाल त्रिकोणी पाटी घेऊन तो वर वळणाकडे चालू लागला. मी अबू रमझीला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मग त्याचा निरोप आला, 'नाश्त्याला बसतोय, तुम्ही दोघं या सावकाश.'

तो निरोप मी वाचत होते तेव्हाच टोमॅटोचा ट्रक आला. उतारावर ब्रेक तापून निकामी झालेले. मुंधिर अजून गाडीपासून फार दूर गेला नव्हता. ट्रकने त्याला आणि त्याच्या गाडीला एकदमच घेतलं.

रस्ताभर टोमॅटो फुटले होते. मी त्यातून वाकून वाकून त्याच्यापर्यंत गेले, आणि कोणता लाल कशाचा हे मला कळत नव्हतं. गाड्या थांबल्या. माणसं उतरली. त्यांतली निम्मी फोन वर धरून उभी. नागरी संरक्षण दलाची रुग्णवाहिका आली तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दफनाच्या दिवशी अबू रमझी सगळ्यांत मोठ्याने रडला. मुंधिरच्या बायकोला, सुहैरला, म्हणाला, "बहीण, पोलिसांकडचं, गाडीचं, सगळं माझ्यावर सोड. तुला ते लोखंड बघायलासुद्धा लागणार नाही." बिचारीने मान हलवली आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली. मला वाटलं, चला, हा माणूस काही तरी कामाचं करतोय.

नंतर काही आठवडे मी क्लबात गेलेच नाही. गाडी दुरुस्त करून घरामागे झाकून ठेवली. एक दिवस आमच्यातला तैसीर दुकानात आला. तो पाट्या रंगवतो, क्लबाच्या जॅकेटांवरचा ससाणा त्यानेच काढलाय. डोकेदुखीची गोळी मागितली आणि तिथेच घुटमळत राहिला.

"डॉक्टर, मक्का रस्त्यावरच्या मॉलमध्ये आपलं रस्ता सुरक्षेचं प्रदर्शन लागलंय. तू येऊन बघ."

"कशाला?"

"तू बघ," एवढंच म्हणून तो गेला. गोळी काउंटरवरच राहिली.

दुपारी मी गेले. मॉलच्या मधल्या चौकात, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, गर्दी होती. काळ्या मखमली चबुतऱ्यावर मुंधिरची गाडी ठेवलेली. पुढचं चाक दुमडलेलं, हँडल एका बाजूला उपटल्यासारखं. वर दिव्यांचा झोत. मागे माणसाएवढा फलक: 'वेग मारतो. मुंधिरने ऐकलं नाही. तुम्ही ऐका.' फलकाच्या कोपऱ्यात कुठल्याशा शक्तिवर्धक पेयाचं चित्र, आणि खाली त्याच पेयाचे डबे फुकट वाटणारी पोरगी. लोक डबा हातात घेऊन गाडीपाशी उभे राहत होते, फोटो काढत होते. एकाने दोन बोटं वर केली. एका बाईने आपलं लेकरू चबुतऱ्यावर टेकवलं आणि म्हणाली, "हस रे, हस."

मी जवळ गेले. पेट्रोलच्या टाकीवर रक्त होतं, बाजूने खाली ओघळलेलं. मग वास आला, थिनरचा. औषधवालीचं नाक फसत नाही. रक्त इतके आठवडे असं चकचकीत लाल राहतही नाही, ते काळं पडतं, सुकून त्याचे पापुद्रे निघतात. हा रंग होता. ताजा.

तैसीर एका खांबामागे उभा होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अबू रमझी म्हणाला, पोलिसांच्या आवारात पावसाने सगळं धुतलं गेलं, आता काही दिसत नाही, जरा हात फिरव. मी फिरवला. काल पुन्हा म्हणाला, लोकांच्या हातांनी पुसलं जातंय, अजून एकदा फिरव."

"आणि तू फिरवलास?"

"फिरवला," तो म्हणाला. "घरी गेल्यावर मात्र जेवण जाईना."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे ऐकून होते. लोणी नसलं तर विकत आणून लावणारे पहिल्यांदाच पाहत होते.

अबू रमझी माइकवर होता. नवं चामडी जॅकेट, दाढी कोरलेली, आवाज तोच ओट्यावरचा. "वळणावर डोळे जिथे, चाक तिथे!" तो खाली उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"अबू रमझी, मुंधिर उभा होता. उभ्या माणसाचा वेग किती असतो?"

"हळू बोल, डॉक्टर. पाहुणे आहेत."

"पाटीवर काय लिहिलंय तुम्ही? त्याने ऐकलं नाही? एवढ्या सगळ्यांत एकट्यानेच तर ऐकलं तुमचं! थांबला तो!"

त्याने समजूतदार चेहरा केला. मला तो चेहरा बघवेना. "तू बरोबर बोलतेस. पण उभ्या माणसाची गोष्ट सांगितली तर तरुण पोरं काय शिकणार? लोकांना धक्का द्यावा लागतो. यातून चार जीव वाचले तर पुण्य मुंधिरच्याच पदरात पडेल." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर तो का थांबला, कुणासाठी थांबला, हेही सांगावं लागेल. कुणाच्या चेनला नीट तेल घातलेलं नव्हतं, हेही. मी तुझं नाव झाकतोय, मैसून."

तोंडाला वेलदोड्याच्या कॉफीचा वास होता त्याच्या. मी एक पाऊल मागे सरले.

"झाकू नका. घाला माझं नाव फलकावर. आणि खाली लिहा, अबू रमझी तेव्हा नाश्ता करत होते."

"तू भावनेच्या भरात आहेस," म्हणत त्याने माझ्या खांद्यावर थोपटायला हात उचलला. माझी नजर बघून तो हात त्याने स्वतःच्या दाढीवरून फिरवला.

मी बाहेर येऊन सुहैरला फोन केला. कसं सांगावं सुचेना, तेव्हा जसं होतं तसं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "म्हणून लियानला शाळेत पोरी म्हणाल्या, तुझा बाप उडवत होता गाडी. दोन दिवस शाळेत जात नाहीये. मला वाटलं, पोरी उगाच काहीतरी बोलतात." लियान तिची मुलगी, सातवीत.

टॅक्सी करून ती आली. पायांत घरातल्या चपला, डोक्यावरचा रुमाल घाईने गुंडाळलेला. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती गाडीपाशी गेली, टाकीवर तळहात ठेवला, उचलला आणि बघत राहिली. तळहात लाल.

"हे रक्त आहे?" तिने विचारलं.

तैसीर पुढे आला. "रंग आहे, ताई. मी लावला. माफ कर."

तेवढ्यात माइक करकरला. "बंधूंनो, भगिनींनो," अबू रमझीचा आवाज चौकभर घुमला, "या धीराच्या बाईकडे बघा! मुंधिरची पत्नी आज स्वतः आपल्यात आली आहे, तुमच्या लेकरांसाठी!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. वरच्या मजल्यावरच्या कठड्यावरूनही वाजल्या. डबे वाटणारी पोरगी एक डबा घेऊन सुहैरकडे निघाली, तशी मी तिला हातानेच थोपवली. आयुष्यात मी गँगरीन पाहिलंय, मधुमेह्यांचे सडके पाय पाहिलेत. त्या टाळ्यांसारखी शिसारी मला कशाचीच आली नव्हती.

सुहैर वळली. माइक नव्हता तरी तिचा आवाज पोचला. "माझी गाडी मला द्या."

अबू रमझी हसत जवळ आला. "बहीण, चार दिवसांचा कार्यक्रम आहे. संपला की..."

"आत्ता."

"तू सही केली आहेस, बहीण."

"सही गाडी मोडीत काढायची केली होती. नवऱ्याची जत्रा भरवायची नव्हती केली!"

तैसीरने चबुतऱ्यावर चढून गाडीची मागची बाजू धरली. मी हँडल धरलं. पुढचं चाक फिरत नव्हतं, त्यामुळे ओढावीच लागली. मखमल फाटली. लोखंडाने मॉलच्या गुळगुळीत फरशीवर ओरखडा काढला, त्याचा आवाज दातांत गेला. क्लबाचे सात-आठ जण तिथेच उभे होते, ससाण्याची जॅकेटं घालून. एकही पुढे आला नाही. एक जण, वयाने मोठा, मला म्हणाला, "मैसून, क्लबाची अब्रू चारचौघांत..." मी म्हटलं, "मध्ये उभे आहात, बाजूला व्हा." दुसऱ्याने फोन काढून आमचं चित्रण सुरू केलं. माणूस मागे टाकत नाही म्हणे!

दारावरचा रखवालदार आम्हाला अडवील असं वाटलं होतं. त्याने सुहैरचा हात पाहिला आणि काचेचे दोन्ही दरवाजे उघडून धरले.

तैसीरच्या पिकअपमध्ये गाडी टाकून आम्ही त्याच्या कारखान्यात गेलो. त्याने चिंध्या आणि थिनर काढलं. टाकी पुसायला तो बसला, पण सुहैरने चिंधी त्याच्या हातून घेतली. कोपऱ्यात बसून तिने सगळा रंग स्वतः काढला. हातांचा गेला, नखांतला गेला नाही. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं ते मला कुणी सांगितलंच नाही. सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी. तू तिथे होतीस. सांग."

मी सांगितलं. चेन, पाटी, पेशंट दगावला हे त्याचं बोलणं, मला दगडांवर बसायला लावणं, ट्रक. टोमॅटोसुद्धा सांगितले. तिने कुठेच थांबवलं नाही. अखेरीला एवढंच विचारलं, "ओरडला का?"

"नाही. वेळच मिळाला नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मग खूप रडली. तैसीर बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी सहाबच्या भंगारवाल्याकडे गेली. सुहैरने त्यातलं काहीच ठेवलं नाही. लियानला हे सगळं मी सांगावं असं तिला वाटत होतं, म्हणून त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेले. पोरीने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "तू शाळेत येऊन सांगशील?" मी गेले. वर्गात बाईंच्या शेजारी उभी राहून सांगितलं. सातवीच्या मुली होत्या, कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र रडली. लियान त्यानंतर शाळेला जाऊ लागली.

क्लबाने मला आणि तैसीरला काढून टाकलं. कारण लिहिलं होतं, शिस्तभंग. प्रदर्शन चार दिवसांऐवजी सहा दिवस चाललं. अबू रमझीने कुठूनशी दुसरी मोडकी गाडी आणून चबुतऱ्यावर ठेवली, फलकावरच्या नावावर पट्टी चिकटवली, आणि गर्दी तेवढीच राहिली असं म्हणतात. मी पुन्हा गाडी चालवते. एकटी, कधी तैसीरबरोबर. मूजिबच्या रस्त्याला मात्र अजून गेलेले नाही.

रमजानच्या आधी अबू रमझी माझ्या दुकानात आला. काहीच घडलं नसल्यासारखा आत शिरला, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि म्हणाला, "छातीत जळजळतंय, डॉक्टर. काहीतरी चांगलं दे. आणि झालं गेलं विसर. माणसाने मन मोठं ठेवावं, हा माझा सल्ला."

"गोळ्या आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला देणार नाही. समोरच्या गल्लीत दुसरं दुकान आहे."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, बहुधा मी हसेन म्हणून. मग गेला. त्याची कोपरं जिथे टेकली होती तिथे मी स्पिरिट ओतलं आणि काउंटर दोनदा पुसला.