उद्या काढायची वायर

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर भट्टीची धग लागायची नाही, आणि धग लागल्याशिवाय ही गोष्ट पोचायची नाही. एक जावई, त्याचा सासरा आणि हातभर वायर, एवढाच पसारा आहे. देवाचं नाव घेऊन ऐका.

काचेच्या बाटल्यांचा एक कारखाना होता आणि त्याच्या पोटात भट्टी. भट्टीत अष्टौप्रहर वितळलेली काच, मधासारखी दाट. या भट्टीचं एकच मागणं, मला विझू देऊ नका. विझली की आतली काच थिजते, काच थिजली की विटा तडकतात, आणि विटा तडकल्या की कारखान्याला कुलूप. नवी भट्टी बांधायची मालकाची ऐपत उरलेली नव्हती, हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे जाणून होते.

त्या दुपारी कारखान्याच्या छपरावर वीज कोसळली.

माणसाएवढं लोखंडी कपाट, त्याला म्हणायचं कंट्रोल पॅनल. भट्टीला हवा किती, इंधन किती, हे त्यातलं एक कार्ड ठरवायचं. कपाटातून धूर निघाला, हवा फुंकणारा ब्लोअर थांबला आणि कायम कानात भरून राहिलेली ती घुमघुम एकाएकी बंद पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोकांना एकमेकांचं बोलणं नीट ऐकू आलं असतं. पण सगळे आधीच भट्टीकडे धावत सुटले होते.

पॅनल सांभाळणारा इलेक्ट्रिशियन म्हणजे आपला जावई. अख्खा कारखाना त्याला जावईबापू म्हणायचा. आधीचे इलेक्ट्रिशियन मास्तर हे त्याचे गुरू, आणि त्यांचीच लेक त्याने केलेली. मास्तर आता लेकीकडेच असायचे. आठवणीचा खिसा फाटलेला. काय राहील, काय गळून पडेल, काही नेम नव्हता.

जावईबापू मास्तरांच्याच पद्धतीने कामाला लागला. भट्टीकडून कार्डाकडे येणाऱ्या प्रत्येक लाइनीत एक इवलासा फ्यूज असतो. बाहेरून भलता करंट आला तर फ्यूज स्वतः जळतो आणि कार्डाला वाचवतो. तेव्हा जळका फ्यूज शोधायचा. तो जिथे, बिघाड तिथे. त्याने जळके फ्यूज हुडकले, त्या लाइनींच्या केबली बदलल्या, मीटर लावून खात्री केली. पहिलं कार्ड विजेनेच खाल्लं असं धरून स्टोअरमधलं नवं बसवलं आणि स्विच टाकला.

फट्! नव्या कार्डातूनही धुराची रेघ वर चढली.

"आता स्टोअरमध्ये शेवटचं एक आहे," साहेब म्हणाले. "ते गेलं तर पुढचं समुद्रापलीकडून यायचं."

भट्टीकाका, म्हणजे भट्टीपुढेच केस पिकलेला जुना कामगार, बर्नर हाताने पेटता ठेवून कशीबशी वेळ मारून नेत होते. तिथूनच ते ओरडले, "बापू, काच निवून लाल पडायला लागली रे!"

"काका, जरा दम धरा."

"मी धरतो रे बाबा. ती धरत नाही ना!"

जावईबापूने पुन्हा एकेक फ्यूज पाहिला. सगळे शाबूत. म्हणजे बिघाड कुठेच नाही, आणि तरी कार्ड जळतंय. कार्ड घातलं तर जळेल, नाही घातलं तर भट्टी मरेल. देवा, सुटायची एखादी फट तरी ठेव, असं म्हणत त्याने कपाळ पॅनलच्या चौकटीला टेकवलं, आणि नजर समोरच्या नारिंगी वायरीवर पडली.

ती मास्तरांची वायर. एक टोक ब्लोअरच्या फ्यूजपाशी, दुसरं वायरींच्या जुडग्यात शिरलेलं. ते कुठे जातं हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाहायला ती हलवावी लागली असती. पॅनल पुसणारा माणूससुद्धा तिच्या बाजूबाजूने फडकं फिरवायचा. कुणी विचारलंच तर जावईबापू डोळे वटारायचा, "मास्तरांनी घातलीय. विचार करूनच घातली असणार."

आता तोडावी, तर न जाणो, तिच्यावरच सगळं तगलेलं असलं तर? त्याने घरी फोन लावला.

"अहो, जेवण नेलंत ना, मग आता काय?" बायको म्हणाली.

"मास्तरांना दे. लवकर."

"सासऱ्याला मास्तर म्हणणारे जगात तुम्हीच! देते, पण आज ते मलाही ओळखत नाहीयेत."

फोनवर जड श्वास ऐकू आला. "कोण?"

"मास्तर, मी. तुमचा जावई."

"जावई? माझी मुलगी अजून शाळेत जाते."

जावईबापूचे डोळे भरून आले. त्याने नातं सोडून दिलं आणि कामाचं विचारलं. "मास्तर, पॅनलमध्ये ब्लोअरच्या फ्यूजपाशी नारिंगी वायर आहे. ती कशासाठी?"

आणि मास्तरांचा आवाज एकदम कोरडा, कामावरचा झाला. "नारिंगी? नारिंगी म्हणजे उद्या काढायची. फ्यूजची बैठक तुटलीय, नवी सकाळी येणार, म्हणून आजच्यापुरती फ्यूजला वळसा घालून दिलीय. अजून उद्या झाला नाही का?"

बैठक कधीच बदलली होती. वायर मात्र मास्तरांच्या आजारपणात राहून गेली आणि नंतर त्यांच्या मानापायी कुणी काढलीच नाही. करंट वळशाने कार्डात घुसत होता आणि फ्यूज जागच्या जागी शाबूत बसून सगळ्यांना फसवत होता.

त्याने जुडगा उचकला. दुसरं टोक त्याच फ्यूजच्या पलीकडे निघालं. वायर तोडली, कार्डाच्या जागी मघाचं जळकंच कार्ड राहू दिलं आणि स्विच टाकला.

टिक्. ब्लोअरचा फ्यूज जळला.

"सापडलं!" तो ओरडला आणि धावला. ब्लोअरकडून कार्डाकडे येणारी केबल तापलेल्या पाइपामागे वितळून मोटरच्या तारेला चिकटली होती. नवी केबल नीट ओढायला वेळ कुठला? स्टोअरमधून नारिंगी वायर आणून त्याने ती जमिनीवरूनच पसरली, फ्यूज घातला, शेवटचं कार्ड बसवलं. स्विच टाकताना त्याला पाहवेना. साहेबांनी तोंड फिरवलं होतं.

घुमघुम सुरू झाली.

भट्टीकाकांनी भोकातून आत पाहिलं. एका कोपऱ्यातली काच थिजली ती थिजलीच. तिथल्या विटा पुढे कायम रडवत राहिल्या. बाकीची मात्र हळूहळू उजळली. काका खालीच बसले आणि चेहरा बाहीत लपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूने पक्की केबल टाकली आणि कालची नारिंगी वायर गुंडाळून काढली. मास्तरांची ती जुनी हातभर वायर त्याने घरी नेऊन त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची वायर. काढली."

"उद्या झाला वाटतं."

"झाला, मास्तर."

मास्तरांनी मान डोलावली. मग जावयाकडे पाहून, अनोळखी पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "बसा ना. जेवून जा."

मंडळी, गोष्ट संपली. उठताना एवढंच करा, सगळं विसरूनही आपलं राहिलेलं काम न विसरलेल्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा. आज हात जोडाल, तेव्हा त्याच्यासाठीही जोडा.