बोटभर वर मारलेली रेघ

मित्रांनो, दारामागच्या भिंतीवर चिकटवलेला उंचीचा जुना कागदी तक्ता म्हणजे मी. माझ्या अंगावर आकडे आहेत आणि एक जिराफ आहे. या घरातल्या मुलीच्या पाठीने घासून घासून त्याचा रंग उडालाय.

छापखान्यातून गुंडाळी होऊन मी इथे आलो, तेव्हा ती दोन वर्षांची होती. दर तीन महिन्यांनी ती अनवाणी माझ्यासमोर उभी राही. आई तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरी, पेन्सिलने रेघ मारी आणि शेजारी तारीख लिही. "टाचा टेकव गं, लबाड!" म्हणून बाबा हसत. तेव्हा माझा मोठा मान होता. पाहुणा आला की चहाआधी मला दाखवत.

ती सहा वर्षांची असताना तिच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग दूरच्या इस्पितळात सहा आठवडे प्रोटॉन किरणांचे उपचार. परत आली तेव्हा कानामागचे केस गेले होते. दोन घास खाल्ले की झोपून जाई. पुढे केस उगवले, गाठही परतली नाही. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "किरण नेमके गाठीवरच सोडले, तरी वाढीची ग्रंथी अगदी शेजारी आहे. तिला झळ लागली असेल तर ते वर्षा-दोन वर्षांनी कळेल. स्कॅन तुमच्या घराजवळच करा, पण उंची मोजून फोनवर कळवत राहा."

वर्षभराने रेघेवर रेघ येऊ लागली. एकदा आली, दोनदा आली. तिसऱ्यांदा मुलीने विचारलं, "आई, वाढले का गं मी?"

आईने जुन्या रेघेकडे पाहिलं. मग तिने पुस्तक अलगद वर उचललं. "बोटभर वाढलीस, बाळा!"

ती माझ्यावरची पहिली खोटी रेघ. नंतर आणखी तीन आल्या. फोनवर आई माझा आकडा वाचून दाखवी, आणि मला वाटतं, वाचताना तिलाही तो खरा वाटे. पलीकडच्या नर्सबाई म्हणत, "छान चाललंय की!"

शेवटी तिघं त्या दूरच्या इस्पितळात तपासणीला गेले, तर तिथल्या मापात मुलगी चार बोटं कमी भरली. बाबा तणतणत घरी आले. "हा तक्ताच चुकीचा छापलाय!" लोखंडी टेप लावून त्यांनी माझा आकडा न् आकडा तपासला. सगळे बरोबर निघाले. मित्रांनो, निर्दोष ठरल्याचं मला जरासुद्धा सुख झालं नाही.

"तक्त्याला नका बोलू," आई म्हणाली. "रेघा मी वर मारल्या."

मुलगी तिला बिलगली. "मला माहीत होतं गं. पुस्तक डोक्याला लागतच नव्हतं. पण तू किती खूश व्हायचीस!"

आता रोज झोपण्याआधी तिला वाढीचं इंजेक्शन टोचतात. थोडी थोडी वाढतेय. हुकलेले महिने पूर्ण भरून निघतील, असं मात्र डॉक्टर सांगत नाहीत.

मित्रांनो, मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला जरूर जपा. पण जपण्यापायी मोजमाप खोटं करू नका, आणि आईबाबांचं हसू टिकावं म्हणून तुम्हीही गप्प राहू नका. जो आकडा सांगायची भीती वाटते, तोच डॉक्टरांना आधी सांगा.