खाटेजवळची गाडी

उधन्यातल्या त्या खोलीत गोपालची खाट आणि गोपालची गाडी यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा बसेल एवढीच जागा होती. धनश्रीचा बहुतेक दिवस त्याच जागेत जायचा. इकडे वळून भावाची कूस बदलायची, तिकडे वळून गाडीचा एखादा नट सोडवायचा.

मोटरसायकल लहानच, पण मातीत आणि खड्ड्यांत उडवायची. उंच मडगार्ड, जाड दातांचे टायर. गोपाल रंगाईच्या मिलमध्ये कामाला होता तेव्हा दर रविवारी ती घेऊन इच्छापोरच्या पुढे मोकळ्या प्लॉटांवर जायचा. गेल्या वर्षी एका ढिगाऱ्यावरून उडी मारताना पुढचं चाक वाकडं टेकलं आणि तो पाठीवर आपटला. कंबरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तो दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात मित्रांनी गाडीही टेम्पोतून आणून दिली. प्रमिलाबाई, म्हणजे आई, म्हणाली की ही अवदसा मला दारातसुद्धा नको. गोपाल म्हणाला, मग मलाही बाहेरच ठेव. गाडी आत आली.

प्रमिलाबाई मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जायची. घर तिच्यावर चालत होतं, म्हणून धनश्रीनं एम्ब्रॉयडरीच्या खात्यातलं, म्हणजे कारखान्यातलं, आपलं काम सोडलं. सोड असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती घरी राहिली आणि मग राहिलीच.

गाडीला हात लावला तो पेट्रोलच्या वासामुळे. कार्ब्युरेटर गळत होता. गोपालनं पडल्या पडल्या सांगितलं तसा तिनं तो उघडला. आतली माती धुतली, बारीक भोकातून तार न घालता फुंकर मारली, कारण तारेनं भोक मोठं होतं असं तो म्हणाला. मग चेन रॉकेलमध्ये बुडवली. मग चाकाच्या सैल तारा एकेक आवळल्या, चाक फिरवून डोलतंय का पाहिलं. पुढच्या शॉकअपचं तेल गळत होतं, त्याचे सील बदलले. पहिल्यांदा एक सील तिरपा बसला तेव्हा गोपाल तिच्यावर खेकसला, आणि मग कित्येक महिन्यांत प्रथमच हसला. दुपारी गल्लीत लूमचा खडखडाट चालू असायचा आणि आत ही दोघं एका नटाबोल्टवर वाद घालायची. आईला ते आवडायचं नाही, पण तिनं बोलणं सोडून दिलं.

दिवाळीनंतर धनश्रीच्या जुन्या खात्यातली मयुरी भेटायला आली. ती आता इच्छापोरच्या एका कारखान्यात कापड तपासायला होती. तिथे अजून एक बाई हवी होती. बस हायवेवरच सोडते, कारखाना पार आत, तेव्हा स्वतःची गाडी असेल तर जमेल, असं ती म्हणाली. धनश्रीनं तिला चहा दिला आणि विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी तिनं खाटेखालच्या खोक्यातून हेडलाइट काढली. रविवारच्या उड्यांसाठी गोपालनं ती कधीच काढून ठेवली होती. तिनं ती परत बसवली, आरसे लावले. शेजारच्या कलाबाईला विचारलं, दुपारी येऊन गोपालची कूस बदलशील का. कलाबाई हो म्हणाली. गोपाल हे सगळं बघत होता. 

त्यानंतर गाडी सुरू होईना. आदल्या दिवशी एका किकमध्ये बोललेली गाडी मेल्यासारखी उभी. गोपाल सांगायचा, कार्ब्युरेटर पुन्हा खोल. तिनं खोलला. व्हॉल्व्हचं अंतर बघ. तिनं बघितलं. प्लग काढून इंजिनला टेकवला आणि किक मारली, तर ठिणगीच नाही. तेव्हा तिनं त्याला न विचारता टाकी उतरवली आणि वायर बोटांनी चाचपत गेली. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर एका जागी सोलून चेसीच्या बोल्टमागे दाबली होती; बटण कायम दाबून धरल्यासारखंच. सोलणं घासून झालेलं नव्हतं, ब्लेडनं सरळ कापलेलं होतं. आणि ती जागा खाटेच्या बाजूला होती, हात पुरेल अशी.

धनश्री वायर हातात धरून बसून राहिली. गोपालनं भिंतीकडे तोंड केलं. कूस वळत नव्हती, मान वळत होती.

“गाडी चालू व्हयनी का तू जाशी,” तो म्हणाला. घरात तो अहिराणीच बोलायचा.

धनश्री म्हणाली, “कामाला जाईन रे. संध्याकाळी परत येणारच ना.”

“मी बी सांजे घर येवाना व्हतू, आक्का.”

तिनं वायरीला टेप गुंडाळली, टाकी चढवली आणि किक मारली. खोली धुरानं भरली. तो खोकत राहिला आणि ती इंजिन बंद न करता उभी राहिली.

ती कामाला गेली. महिना-दीड महिना गेली. उधन्यापासून इच्छापोरपर्यंत तोंडावर वारा घेत जाताना आपण कुणाची तरी बहीण आहोत हेसुद्धा ती विसरायची. मग कलाबाई भाचीच्या लग्नाला धुळ्याकडे गेली ती लवकर आली नाही. दुपारी मार्केटमधून येऊन जाणाऱ्या प्रमिलाबाईला एकटीला त्याला नीट उचलता येत नव्हतं. गोपालला कंबरेखालचं काही जाणवतच नव्हतं, त्यामुळे त्यानंही सांगितलं नाही. एका रविवारी अंग पुसताना धनश्रीला त्याच्या माकडहाडावर जखम दिसली, बोट आत जाईल एवढी. ड्रेसिंग करणारी नर्स म्हणाली की याला दिवसभर माणूस लागेल. त्या वेळी कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

सोमवारी ती गेली नाही. मयुरीचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की आता नाही जमणार.

जखम भरेपर्यंत पावसाळा लागला. आता आई घरी आली की धनश्री गाडी काढते आणि नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यानं एक फेरी मारून येते. गोपाल आवाज ऐकत असतो. आली की विचारतो, दुसऱ्या गिअरला आवाज का फाटत होता, चेन ढिली आहे का. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं.

परवा ती नहरेच्या पुलाशी पोचली आणि तिनं इंजिन बंद केलं. उतरली नाही, दोन्ही पाय टेकवून नुसती बसून राहिली. पाण्यावर मिलचा निळसर फेस तरंगत होता. घरी त्याला आवाज येईनासा झाला असेल, तो दाराकडे बघत असेल, हे तिला माहीत होतं. तरी ती बसली. थोड्या वेळानं तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यानंतरही ती बसली.

घरी आली तेव्हा गोपाल फक्त म्हणाला, कूस बदल. तिनं हात धुतले आणि त्याच्या खांद्याखाली घातले.